बासष्टावी चिठ्ठी

स्नेहसंमेलन दुपारी चारला होतं, आणि चारुलता पोतनीस सकाळी सातपासून घरात येरझाऱ्या घालत होती. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. मग काय होऊन राहिलं तुला?" चारू म्हणाली, "काही नाही." काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी असतंच, पण आईची कढई तापली होती, तिने विषय सोडला.

काय होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कॉलेजच्या मराठी विद्यार्थी मंडळाच्या फिशपाँडच्या डब्यात चारूने टाकलेली एक चिठ्ठी पडली होती. ती आज तीनशे लोकांसमोर वाचली गेली, तर तिच्या जिवलग मैत्रिणीच्या, अश्लेषा देगावकरच्या वडिलांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. डब्याला कुलूप होतं. कुलपाची किल्ली मंडळाचा अध्यक्ष विक्रांत याच्या जानव्याला बांधलेली होती. आणि ते अश्लेषाचे वडील आजच्या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते.

आता एवढं वाचून कुणी म्हणेल, मग टाकलीच कशाला? तेच तर. रागाच्या भरात माणूस जे करतो त्याला कारण असतं, अक्कल नसते.

मंडळ म्हणजे चारूचा जीव की प्राण. उज्जैनसारख्या गावात मराठी पोरं तशी विखुरलेली. कुणाचे आजोबा-पणजोबा शिंदेशाहीत दफ्तर सांभाळायला आलेले, तर कुणाचे वडील बँकेत, रेल्वेत, शाळेत बदलून आलेले. वर्षभर सगळी हिंदीत बोलायची, हिंदीत भांडायची, आणि मंडळाचा कार्यक्रम आला की एकदम मराठी व्हायची. गणपतीत दहा दिवस आरत्या, संक्रांतीला तिळगूळ, थंडीत गोठ. माळव्यात सगळ्यांनी मिळून गावाबाहेर जायचं, गोवऱ्यांवर कणकेचे बाफले भाजायचे आणि तुपात बुडवून डाळीबरोबर हाणायचे, याला गोठ म्हणतात. चारू यातलं काही चुकवत नसे. बी. ए.च्या तीन वर्षांत तिचे वर्ग बुडाले असतील, मंडळाची सभा एकही बुडाली नव्हती.

आणि जानेवारीतल्या संमेलनात फिशपाँड. पत्र्याच्या डब्याला निळा कागद चिकटवून केलेलं तळं, आणि आत नाव न घालता टाकलेल्या चिठ्ठ्यांचे मासे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने मंचावर यायचं, आपली टिंगल सगळ्यांसमोर ऐकायची, हसायचं, हात जोडून "मंडळाचा आभारी आहे" म्हणायचं आणि चिठ्ठी घेऊन जायची. कितीही झोंबलं तरी हसायचं. रडला तो वर्षभर मेला. दुसरा नियम असा, की डब्यात पडलेली प्रत्येक चिठ्ठी वाचली गेलीच पाहिजे. हे नियम कुणी केले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

अश्लेषाचे वडील, श्रीकांतकाका, मूळचे सोलापूरचे. इथल्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्याचे मास्तर म्हणून आले आणि वीस वर्षं मान ताठ ठेवून राहिले. दोन वर्षांपूर्वी मिलला टाळं लागलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, देवासच्या नव्या कंपनीत अधिकारी म्हणून लागलो. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे. पटण्यासारखंच होतं. देवासला तेव्हा खरंच नवे कारखाने निघत होते, घराघरांत केबल आली होती, पेपरात रोज परदेशी कंपन्यांची नावं असत. अशा दिवसांत एक मास्तर साहेब झाला, यावर संशय कोण घेणार?

चारूला खरं कळलं ते गेल्या वर्षीच्या गोठीत. मंडळाचा टेम्पो गावाबाहेरच्या कालियादेहला निघाला होता. वाटेत भैरवगढला पोरं गाण्याच्या भेंड्यांत बुडाली होती आणि चारूची नजर नदीकडे गेली. काठावर छापलेल्या चादरी धुवायचं काम चाललं होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहून चादर पिळणारे गृहस्थ श्रीकांतकाका होते. चारू ओरडणार, एवढ्यात अश्लेषाने तिचा हात असा दाबला की बांगडी पिचकली.

मग कालियादेहच्या कुंडाशी बसून अश्लेषाने सगळं सांगितलं. काका भैरवगढच्या एका छापखान्यात चादरी छापायचे आणि धुवायचे. "बाबा म्हणालेत, ज्या दिवशी गावात कळेल, त्या दिवशी बिऱ्हाड बांधायचं आणि सोलापूर गाठायचं. आणि ते बोलतात ते करतात, चारू. तुला महाकालची शपथ आहे."

"पागल आहेस का? मी कुणाला सांगणार?" चारू म्हणाली होती, आणि वर्षभर तिने खरंच ब्र काढला नव्हता.

कापड छापण्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर काहीच नाही. भैरवगढच्या चादरी दूरदूर जातात आणि छापणारे ताठ मानेने छापतात. पण काका ज्या गावात चाळीस मागांवर हुकूम चालवत होते, त्याच गावात दुसऱ्याचा हुकूम ऐकत होते. त्यांची लाज छापण्याची नव्हती, खाली उतरण्याची होती. शिवाय आधी एक खोटं सांगून बसले होते, आणि खोट्याचं व्याज रोज चढतं.

यंदाची गोठ जानेवारीच्या पहिल्या रविवारी झाली. अश्लेषा आता मंडळाची सचिव होती. जेवणं झाल्यावर नकलांचा कार्यक्रम रंगला, तिने चारूची नक्कल केली. "अगं सुन ना, मी तर सांगून राहिली होती, तूच ध्यान नाही दिलं!" मान वेळावणं, ओढणी झटकणं, सगळं हुबेहूब. पोरं पोट धरून हसली. विक्रांत तर गवतावर लोळला. तिथवर चारूही हसली. पण अश्लेषाला टाळ्यांची चटक लागली आणि ती पुढे म्हणाली, "अडीचशे वर्षं झाली येऊन, अजून मराठी शिकून राहिलेत!"

शिंदेशाहीपासून इथे असलेल्या पोतनिसांच्या घरात हे वाक्य म्हणजे निखारा. सोलापूर-पुण्याकडून आलेली माणसं आपल्या मराठीला हसतात, हे चारूने लहानपणापासून सोसलं होतं. आणि आज जिने हसवलं ती तिची अश्लेषा होती. चारू घरी आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात बसून तिने गुलाबी कागदावर डाव्या हाताने लिहिलं:

*अश्लेषा देगावकर*
*बाबा आमचे देवासला, साहेब मोठे बनून;*
*भैरवगढला चादरी पिळतात, पॅन्ट वर दुमडून.*

डावा हात अशासाठी की अक्षर ओळखू येऊ नये. केवढी हुशारी! घडी केली, डब्याच्या फटीत सारली. आत पडल्याचा बारीक आवाज आला आणि त्या क्षणी तिला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं संक्रांतीपर्यंत टिकलं.

संक्रांतीला अश्लेषा स्वतः घरी आली. हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोल" म्हणायच्या आधीच रडायला लागली. "मी गोठीत फार वाईट बोलले गं. मला रात्री झोप नाही." मग पिशवीतून एक ओढणी काढली. काळ्या वेलीत लाल फुलं, काठाला बारीक कंगोरा. "बाबांनी छापली आहे, तुझ्यासाठी. आई म्हणाली, देऊ नको, कुणी विचारेल. बाबा म्हणाले, चारूला माहीत आहे ते मला ठाऊक आहे, आणि वर्षभर ती बोलली नाही तेही ठाऊक आहे. संमेलनाला हीच घाल, म्हणालेत."

चारूने ओढणी घेतली. नव्या रंगाचा वास येत होता. हातातला तिळगूळ तिने तोंडात टाकला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने विक्रांतला गाठलं. "विक्रांत, सुन ना, माझी एक चिठ्ठी चुकून पडली डब्यात. काढून देतो काय?"

"पडली ती पडली," विक्रांत म्हणाला. कॉलेजात एम. कॉम. करत होता, पण तोरा न्यायाधीशाचा. "एकाला काढून दिली तर उद्या दहा जण येतील. रूल म्हणजे रूल."

"अरे यार, फालतू आहे एकदम. बेकार."

"मग तर वाचू दे की! काय लिहिलं होतं असं?"

सांगितलं तर गुपित फुटतं, न सांगावं तर डबा उघडत नाही. तिने तिथून काढता पाय घेतला. मग तिला सुचलं, की चिठ्ठ्या वाचणाराच आपण झालो तर? गुलाबी कागद दिसला की हातातच ठेवायचा आणि मनाचं काहीतरी वाचायचं. पण वाचलेली चिठ्ठी त्या माणसाच्या हातात द्यावी लागते. ठीक आहे, मग आपलंच नाव घ्यायचं, आपल्यावरच काहीतरी जुळवायचं आणि चिठ्ठी स्वतःच ठेवायची. एवढं तर जमेल.

वाचायचं काम मंडळातल्या हर्षलकडे होतं. पण यंदा एका कोलावाल्याने संमेलनाला शंभर बाटल्या फुकट पाठवायचं कबूल केलं होतं आणि हर्षलचा सगळा जीव त्या बाटल्यांत होता. चारूने वाचन मागितलं आणि बाटल्यांचं टेबल देऊ केलं, तर त्याने विचारही केला नाही. मार्गदर्शक गोपाळकृष्ण सरांची हरकत नव्हती. त्यांचे डोळे आले होते, काळा चष्मा लावून ते म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे, वाच. बाकी व्यवस्था मी केली आहे." कसली व्यवस्था, हे चारूने विचारलं नाही. तिथे ती चुकली.

साडेतीनला ती हॉलवर पोचली. अंगावर ती ओढणी होती, कारण न घालणं आणखी वाईट दिसलं असतं. दारात अश्लेषा अत्तर लावायला उभी होती. चारूचा हात पुढे आला, अश्लेषाने मनगटावर अत्तर लावलं, ओढणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतेय. तू वाचणार आहेस म्हणे?"

"हो. हर्षलला बाटल्या पाहिजे होत्या."

"नीट वाच हं. सगळ्या वाच."

एवढंच बोलून ती मागच्या माणसाकडे वळली. चारूने स्वतःला समजावलं, की सचिव आहे, असं बोलणारच. भीती वाटत असली की प्रत्येक शब्दाला काटे फुटतात.

हॉल भरला. पुढच्या रांगेत श्रीकांतकाका, कोट घालून. दीप लावताना त्यांनी काडी ओढली आणि लगेच हात कोटाच्या खिशात घातले. कुणी पाहिलं नसेल, चारूने पाहिलं. नखांच्या कडांना काळपट लाल रंग होता. सत्काराचं भाषण करताना विक्रांत म्हणाला, "बदलत्या काळाबरोबर पुढे कसं जावं, हे काकांकडून शिकावं." टाळ्या पडल्या. काकांनी मान खाली घातली, सगळ्यांना तो विनय वाटला. चारूला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"आणि आता, ज्याची सगळे वाट बघून राहिले होते..." विक्रांतने सदऱ्यात हात घातला, जानवं ओढून किल्ली काढली. तेवढ्यावरच हशा पिकला. डबा उघडला. चारूने आत पाहिलं.

आत एकही गुलाबी कागद नव्हता. सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या, रेघांच्या वहीच्या पांढऱ्या कागदाच्या, एकसारख्या घडीच्या.

तिने वरची उघडली. टपोरं, गोल, सुरेख अक्षर. हे अक्षर तिने तीन वर्षं शेजारच्या वहीत पाहिलं होतं, परीक्षेच्या आधी नोट्स उतरवताना पाहिलं होतं. ते अश्लेषाचं होतं.

"हे काय आहे?" तिने माइकवर हात ठेवून विक्रांतला विचारलं.

"सरांची आयडिया. गेल्या वर्षी अक्षरावरून हाणामारी झाली होती ना? म्हणून यंदा सगळ्या एका हाताने उतरवून घेतल्या. सरच लिहिणार होते, पण डोळे आले. काल संध्याकाळी अश्लेषाने बसून लिहिल्या. वाच लवकर, लोक ताटकळलेत."

अश्लेषाने वाचली होती. काल संध्याकाळी, एकटीने, गुलाबी कागदावरच्या त्या दोन ओळी. आणि आता तिला उमगलं, की डाव्या हाताची हुशारी किती बिनकामाची होती. अख्ख्या गावात ही गोष्ट घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होती. अक्षर लपवलं, पण मजकुराखाली सहीच केली होती की! शाळेतल्या पोरानेही केली नसती अशी चूक तिने केली होती.

आता एकच प्रश्न उरला. अश्लेषाने ती चिठ्ठी उतरवली होती की नाही? नियम तिला माहीत होता, आणि सचिव म्हणून ती नियमाला पक्की होती. की मुद्दामच उतरवली असेल, चारूच्याच तोंडून वाचून घ्यायला? "सगळ्या वाच," म्हणाली होती.

"वाचा, वाचा!" मागून गलका झाला. चारूने वाचायला सुरुवात केली.

"अध्यक्ष विक्रांत! कुलपाला किल्ली, किल्लीला जानवं. अध्यक्षांना वाटतं, जग आपणच चालवावं!"

छप्पर उडेल असा हशा झाला. विक्रांतने हात जोडले, "मंडळाचा आभारी आहे," आणि चिठ्ठी खिशात घातली.

दुसरी गोपाळकृष्ण सरांची. "सर घेतात हजेरी, मान न करता वर, एकटा म्हणतो पाच वेळा, हजर सर, हजर सर!" सरांनीही काळ्या चष्म्यामागून आभार मानले.

चारू वाचत होती आणि लोक हसत होते. प्रत्येक घडी उघडताना तिची बोटं आधी वरचं नाव शोधत, मग तिचा श्वास सुटे. विंगेत अश्लेषा उभी होती, हाताची घडी घालून, चारूकडे बघत. ती हसत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. रागावली असती तर चारूला सोपं गेलं असतं.

विसाव्या-पंचविसाव्या चिठ्ठीवर नाव निघालं, चारुलता पोतनीस. तिने वाचलं, कारण न वाचून सुटका नव्हती.

"चारूच्या तोंडाला ना कुलूप ना कडी, गुपित सांगा सकाळी, दुपारी गावभर दवंडी!"

कुणी टाकली होती देव जाणे. कुणी सहज गंमत म्हणून टाकली असेल, चारू बडबडी म्हणून प्रसिद्धच होती. अक्षर मात्र बाकी सगळ्या चिठ्ठ्यांसारखंच, अश्लेषाचं. हॉल हसत होता, काकाही पहिल्यांदाच मोकळे हसले आणि शेजारच्यांना मान हलवून सांगू लागले, की छे, छे, ही तशी नाही. चारूला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून समजले. तिने हात जोडले. "मंडळाची आभारी आहे," म्हणाली, आणि आवाज चिरकला. तेही सगळ्यांना गमतीचंच वाटलं.

डबा रिता होत चालला. दहा उरल्या. मग सात. सातातली पहिली उघडली आणि वर नाव होतं अश्लेषा देगावकर.

चारूच्या डोळ्यांपुढे क्षणभर अक्षरं नाचली. खाली दोन ओळी होत्या. तिने वर पाहिलं, काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते, लेकीबद्दल काय निघतं ते ऐकायला. कान टवकारून, हौसेने. विंगेतून अश्लेषा हळूहळू मंचावर येऊ लागली. आपण ठरवलं होतं ना, मनाचं वाचायचं? पण तिला एक शब्द जुळेना. तिने डोळे कागदाला लावले.

"अक्षर... सचिवबाईंचं, मोत्यांची माळ. पण इतिवृत्त येईपर्यंत संपतो कार्यकाळ."

हशा. अश्लेषाने चिठ्ठी घेतली, "मंडळाची आभारी आहे," म्हणाली आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली.

उरलेल्या सहा चिठ्ठ्या चारूने कशा वाचल्या ते तिला नंतर आठवलं नाही. शेवटची हर्षलची होती आणि त्याच्या हातात तेव्हाही बाटली होती. चारूने डबा उलटा केला. आत काही नव्हतं. तिला वाटलं, सुटलो! फाडली असेल तिने. सुटले काका, सुटली अश्लेषा, आणि आपणही सुटलो.

एवढ्यात विक्रांतने माइक घेतला. "एक मिनिट. सरांनी मोजल्या तेव्हा बासष्ट होत्या. मी मोजून राहिलो होतो, वाचल्या एकसष्ट. एक कमी आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणी ओरडलं, "अध्यक्षांनी खाल्ली!" कुणी म्हणालं, "घोटाळा! घोटाळा!" हसण्यावारीच चाललं होतं, पण विक्रांतचा चेहरा गंभीर झाला होता. "मंडळाच्या इतिहासात एकही चिठ्ठी गहाळ झालेली नाही. कुणाकडे आहे?"

चारू डबा हातात घेऊन उभी राहिली.

अश्लेषा पुढे आली, माइक घेतला. "माझी चूक आहे. उतरवताना एक चिठ्ठी माझ्या हातून हरवली. सचिव म्हणून मी माफी मागते."

"शेम शेम!" मागची पोरं टेबलं वाजवत ओरडली. एकाने "राजीनामा!" म्हटलं, सगळे हसले. पुढच्या रांगेत काकांचा चेहरा पडला. लेकीचं नाव असं भर सभेत निघालेलं त्यांना आवडलं नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. अश्लेषा खाली मान घालून सगळं ऐकत राहिली. एका शब्दाने तिने दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही.

कार्यक्रम संपला. लोक कोला आणि कचोरीकडे धावले. चारू मंचामागच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर बसली. तिला रडायचं होतं, पण रडू येईना. तिला अश्लेषाचे पाय धरायचे होते, आणि अश्लेषा कधीच समोर येऊ नये असंही वाटत होतं.

अश्लेषा आली. दार लोटलं. पर्समधून गुलाबी कागद काढला आणि चारूच्या हातात ठेवला.

"ही बासष्टावी."

"अश्लू, मी... मला राग आला होता. नंतर मी काढायला गेली होती, विक्रांतने दिली नाही. खरंच सांगून राहिली. म्हणूनच तर मी वाचायचं घेतलं, की..."

दार उघडलं. श्रीकांतकाका. चारूने मूठ मिटली, कागद आत चुरगळला.

"अगं चारू, इथे आहेस होय! काय झकास वाचलंस. आवाज चढवावा तिथे चढवलास." मग त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि हळूच विचारलं, "ओढणी धुतलीस का गं? रंग उतरला नाही ना?"

"नाही, काका."

"पहिल्यांदाच वेल एकट्याने बसवली. ठसा जरा सरकलाय काठाशी, बघ, इथे. कळत नाही ना?" त्यांनी खिशातून हात काढून काठावरची जागा दाखवली. या खोलीत त्यांना हात लपवायची गरज वाटली नव्हती.

"बिलकुल नाही कळत."

"आणि ते दवंडीबिवंडी मनावर घेऊ नकोस. लिहिणाऱ्याला काय माहीत!" ते हसले आणि लेकीला म्हणाले, "चला, आटपा. मी बाहेर थांबतो. चिठ्ठ्या सांभाळत जा, बाई."

ते गेले. बाहेर कुणीतरी त्यांना "साहेब, कचोरी घ्या ना," म्हणत होतं. दार परत लोटलं गेलं.

"वाच," अश्लेषा म्हणाली.

"काय?"

"डब्यात पडलेली चिठ्ठी वाचलीच पाहिजे. नियम आहे."

"अश्लू, नको ना. फाडून टाकते मी. तुझ्या पाया पडते."

"तिकडे तीनशे लोकांसमोर मी ती हरवली म्हणून सांगितलं. इथे मी एकटी आहे. मला ऐकव. तुझ्या तोंडून."

चारूने मूठ उघडली. घामाने कागद ओला झाला होता, डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं फुटली होती. तिने वाचायला तोंड उघडलं आणि नाव वाचून थांबली.

"पुढे."

"बाबा आमचे देवासला, साहेब मोठे बनून..." भिंतीपलीकडून काकांचं हसू ऐकू आलं. "भैरवगढला चादरी पिळतात, पॅन्ट... पॅन्ट वर दुमडून."

अश्लेषाने शेवटपर्यंत ऐकलं. मग चारूच्या हातातून चिठ्ठी घेतली, नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली. चारू काही बोलेल म्हणून थांबली नाही. नियमाप्रमाणे दोन्ही हात जोडले, आणि नियमाप्रमाणेच हसली.

"मंडळाची आभारी आहे," म्हणाली, आणि बाहेर थांबलेल्या वडिलांकडे निघून गेली.